खाली हॉटेल, वर फ्लॅट: सातव्या मजल्यावर काम थांबलंय की चालू आहे?

पेठकरी
पुण्यात मध्यवस्तीतल्या टॉवरमध्ये फ्लॅट बुक केलाय. खालचे सहा मजले हॉटेलचे, वर बावीस मजले घरं. सहाव्यापर्यंत दर तीन आठवड्यांना स्लॅब पडत होता. आता दोन महिने सातव्यावर नुसत्या सळया दिसतायत. तरी स्लॅबच्या हप्त्याचं पत्र आलंय. काम बंद पडलंय का, हे रस्त्यावरून आणि महारेराच्या (गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) साइटवरून कसं ओळखायचं?

सळईवाला
तो बहुतेक ट्रान्सफरचा मजला आहे. हॉटेलला बँक्वेट, लॉबीसाठी मोकळी जागा हवी, म्हणून कॉलम आठ-दहा मीटरवर. वर फ्लॅटच्या काँक्रीट भिंती तीन-चार मीटरवर. त्या भिंतींचा भार खालच्या कॉलमांवर नेणारे गर्डर, म्हणजे जाडजूड बीम, दीड-दोन मीटर खोल असतात. दोन मीटर काँक्रीट म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे पाच टन. एकटा सहावा स्लॅब ते ओझं पेलत नाही, म्हणून खालच्या दोन-तीन मजल्यांवरही टेकू ठेवावे लागतात.

सळया इतक्या दाट बसतात की काँक्रीट घट्ट बसवणाऱ्या व्हायब्रेटरच्या सुईला वाट ठेवली नाही तर गर्डरच्या तळाशी पोकळ्या राहतात. बांधणीतच महिना जातो. सहा मीटरपेक्षा लांब बीमचे टेकू आयएस ४५६ (काँक्रीट बांधकामाचं भारतीय मानक) प्रमाणे साधारण २१ दिवस काढायचे नसतात. त्यामुळे या एका मजल्याला दोन-तीन महिने लागले तर नवल नाही. पुढे मिव्हान शटरिंग (अ‍ॅल्युमिनियमचे तयार साचे) असेल तर मजला आठ-दहा दिवसांत उरकतो.

रस्त्यावरून चौथा, पाचवा, सहावा मजला बघा. टेकू दाट उभे असतील आणि सळयांची जाळी आठवड्यागणिक वाढत असेल, तर काम चालू आहे. टेकू काढून नेलेत आणि वर आलेल्या सळयांवर गंजाचे पापुद्रे सुटतायत, गंज रोखायला सिमेंटच्या पाण्याचा हातही दिलेला नाही, तर काम खरंच थांबलंय. नुसता तांबूस गंज चालतो. क्रेनची भुजा वाऱ्याबरोबर फिरतेय म्हणून घाबरू नका. काम संपलं की ती मोकळीच सोडतात, नाहीतर वादळात क्रेन उलटायची भीती असते.

फॉर्मतीन
महारेरावर प्रकल्पाचा तिमाही अहवाल उघडा. फॉर्म १ म्हणजे आर्किटेक्टचा दाखला; त्यातल्या तक्ता ‘अ’ मध्ये खोदाई, तळघर-जोतं, पोडियम (टॉवरखालचे पसरट मजले), स्लॅब यांची वेगवेगळी टक्केवारी असते. मागच्या तिमाहीचा दाखला शेजारी ठेवा. फॉर्म २ इंजिनीअरचा, फॉर्म ३ सीएचा, दोन्ही खर्चाचे. खर्च चढतोय आणि स्लॅबची टक्केवारी हलत नाही, तर लेखी खुलासा मागा.

हॉटेल विकायचं नसेल तर त्याच्या खोल्या विक्रीच्या यादीत दिसत नाहीत. पण अग्निशमनाची टाकी, पंप, एसटीपी (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) सामाईक असतील तर हॉटेलचं काम रखडल्यावर घरांचा भोगवटा दाखलाही (राहायला जायची परवानगी) लटकू शकतो. करारात सामाईक काय आहे ते आत्ताच वाचून घ्या.

पेठकरी
करारात ‘सातवा स्लॅब पूर्ण झाल्यावर’ असं आहे. पत्रात ‘सातव्या स्लॅबचं काम सुरू’.

फॉर्मतीन
मग तो हप्ता अजून देय नाही. गप्प मात्र बसू नका, उशिराचं व्याज तुमच्यावरही लागतं. मुदतीच्या आत ईमेल करा: कराराचं कलम उतरवा, सातवा स्लॅब भरून झाल्याचा आर्किटेक्टचा दाखला मागा, त्या दिवशीचा फोटो जोडा. महारेराच्या नमुना करारात पोडियम धरून सगळे स्लॅब होईपर्यंत मागितलेली एकूण रक्कम फ्लॅटच्या किमतीच्या ७० टक्क्यांच्या वर जाऊ नये असं आहे, तेही ताडून पाहा.

सळईवाला
फोटो दर रविवारी एकाच जागेवरून काढा, चौकट तीच. गर्डर भरायच्या दिवशी ट्रान्झिट मिक्सरची (तयार काँक्रीट आणणाऱ्या गाड्यांची) रांग लागेल. एका गाडीत साधारण सहा घनमीटर, म्हणजे समजा ६०० घनमीटर काँक्रीट लागलं तर शंभर खेपा. तो दिवस नजरेतून सुटणार नाही.