रिव्हॉल्व्हरमध्ये पिस्तुलाची काडतुसं: सोय की नुसती हौस?

ह्यूस्टनकर

माझ्याकडे रुगर कंपनीची एलसीआर ही छोटी रिव्हॉल्व्हर आहे. नऊ एमएमची, पाच गोळ्यांची. परवा रेंजवर शेजारच्या गृहस्थांनी ती बघून नाक मुरडलं. "पिस्तुलाची गोळी रिव्हॉल्व्हरमध्ये कशाला? सरळ अडतीस स्पेशल घ्यायची." तिथल्या धडाडधूममध्ये वाद घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून इथे घालतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाला बुडाशी बाहेर आलेली कड असते, ताटाच्या काठासारखी. त्या कडेमुळे ते सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याच्या, भोकात अडकून राहतं आणि तीच कड धरून रिकामी पुंगळी बाहेर ढकलली जाते. पिस्तुलाच्या काडतुसाला अशी कड नसते, कारण मॅगझिनमध्ये एकावर एक रचल्यावर कडा एकमेकींत अडकतील. मग ते रिव्हॉल्व्हरमध्ये धरायचं कशाने? तर पातळ पोलादी चकतीने, मून क्लिपने. चकतीच्या खाचांत पाचही काडतुसं बसवायची आणि अख्खा घोस एकदम आत सोडायचा.

आता माझा खरा मुद्दा. अडतीस स्पेशल हे कडवालं रिव्हॉल्व्हरचं काडतूस १८९८ सालचं, काळ्या दारूच्या हिशोबाने बनवलेलं. म्हणून पुंगळी २९ मिमी लांब, आणि आजची दारू भरली की आत निम्मी जागा मोकळीच. नऊ एमएमची पुंगळी १९ मिमी, पण दाब दुप्पट: अडतीसचा कमाल दाब १७,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड), नऊचा ३५,०००. खिशातल्या रिव्हॉल्व्हरची नळी आखूड, त्यामुळे पुंगळ्या ढकलणारी दांडीही आखूड. लांब पुंगळ्या अर्ध्याच बाहेर येतात आणि मग बसा नखाने ओढत. नऊच्या पाचही चकतीसकट टपकन पडतात. वर नऊची काडतुसं इथे बरीच स्वस्त मिळतात.

कड हवीच

नमस्कार ह्यूस्टनकर. लेख छान, निष्कर्ष चूक.

ही कल्पना कुणी आवडीने काढलेली नाही, ती टंचाईतून आली. अमेरिका १९१७ मध्ये महायुद्धात उतरली तेव्हा लष्कराला १९११ मॉडेलची पिस्तुलं पुरेनात. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन या दोघांकडे मोठ्या रिव्हॉल्व्हरची यंत्रं तयार होती, म्हणून त्यांनाच त्या पिस्तुलाचं .४५ एसीपी काडतूस चालेल अशी रिव्हॉल्व्हरं करायला सांगितली. दोघांनी मिळून सुमारे तीन लाख केली. तीन-तीन काडतुसांची अर्धचंद्र क्लिप तेव्हाची. सुरुवातीच्या कोल्टमध्ये तर सिलिंडरची भोकं सरळ आरपार होती. क्लिप नसेल तर काडतूस पुढे घसरायचं आणि घोड्याची सुई त्याला पोचायचीच नाही.

पुढे काय झालं? १९२० मध्ये पीटर्स कंपनीने त्याच रिव्हॉल्व्हरसाठी .४५ ऑटो रिम काढलं. म्हणजे तेच काडतूस, पण कड लावून! तीन वर्षांत लोक क्लिपला कंटाळले. आणखी काय पुरावा द्यायचा?

ह्यूस्टनकर

हा पुरावा अर्धचंद्राविरुद्धचा आहे, पौर्णिमेविरुद्धचा नाही. :) पुढे सहा काडतुसांची पूर्ण गोल क्लिप आली आणि खेळ बदलला. जेरी मिक्युलेक या अमेरिकन नेमबाजाने १९९९ मध्ये सहा गोळ्या, मध्ये पुन्हा भरणं, आणखी सहा गोळ्या हे सगळं २.९९ सेकंदांत केलं. हातात स्मिथ अँड वेसनचं ६२५, काडतूस .४५ एसीपी. कडवाल्या लांब काडतुसांनी करून दाखवा.

घाटावरचा

काका, मिक्युलेक सर्कशीतला माणूस आहे. तुम्ही आम्ही नाही.

कड हवीच

+१. स्पर्धेत क्लिपा पट्ट्यावर ओळीने लावलेल्या असतात. खिशात किल्ल्या-सुट्ट्या पैशांबरोबर ठेवून बघा. चकती केसभर वाकली तरी सिलिंडर फिरताना घासतं. अडतीस मला सुटी खिशात टाकता येतात, एकेक भरता येतात.

ह्यूस्टनकर

हे मान्य करावं लागेल, कारण माझ्याच बाबतीत झालंय. गेल्या हिवाळ्यात बॅगेच्या तळाशी राहिलेली क्लिप भरली. दोन गोळ्या सुटल्या आणि तिसऱ्याला चाप दगडासारखा घट्ट. सिलिंडर उघडायलाही जोर लावावा लागला. घरी येऊन ती चकती काचेवर ठेवली, तर एका बाजूने नखभर उचललेली. तेव्हापासून प्रत्येक क्लिप आधी काचेवर ठेवून बघतो.

तुमच्या बाजूचा आणखी एक मुद्दा तुम्ही विसरलात, तो मीच सांगतो. पिस्तुलाच्या काडतुसात शिशाची गोळी पुंगळीने तितकी घट्ट आवळलेली नसते. हलक्या रिव्हॉल्व्हरच्या दणक्याने न उडालेल्या काडतुसांतल्या गोळ्या हळूहळू पुढे सरकतात आणि सिलिंडरबाहेर डोकावल्या की गाडी ठप्प. म्हणून नवीन पेटी आणली की चार मारून पाचवं काडतूस बाहेर काढून मापतो.

कड हवीच

काच, मोजपट्टी... तरी म्हणे सोय!

नागपुरी संत्रं

तुमचं चालू द्या. आमच्याकडे भारतात नऊ एमएम निषिद्ध बोअर, सामान्य परवान्यावर मिळतच नाही. आपलं सगळं बत्तीस बोअरवर. गंमत म्हणजे कानपूरचं रिव्हॉल्व्हर बत्तीस आणि ईशापूरचं पिस्तूलही बत्तीस, पण काडतुसं वेगळी. रिव्हॉल्व्हरला कडवालं लांब, पिस्तुलाला आखूड. परवान्यावर वर्षाची काडतुसं मोजून लिहिलेली असतात, त्यामुळे दोन्ही हत्यारांना एकच काडतूस चाललं असतं तर आमच्यासारख्याला खरंच उपयोग होता. वडिलांचं रिव्हॉल्व्हर माझ्याकडे आहे. पिस्तुलाचं आखूड बत्तीस त्यात बसतं असं एकाने सांगितलं. खरं का?

कड हवीच

बसेल कदाचित. मारू नका! पिस्तुलाच्या बत्तीसचा कमाल दाब २०,५०० पीएसआय, रिव्हॉल्व्हरच्या लांब बत्तीसचा १५,०००. आकाराने लहान म्हणजे सौम्य, हा समज धोक्याचा.

हेच वेब्लीचं झालं. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटिशांची .४५५ ची जुनी वेब्ली रिव्हॉल्व्हरं अमेरिकेत ढिगाने विकली गेली. .४५५ ची काडतुसं तिथे दुर्मिळ, म्हणून सिलिंडर मागून तासून, क्लिप लावून .४५ एसीपी चालेल अशी करून विकली. बसत होती, उडतही होती. पण हत्यार एवढ्या दाबासाठी घडवलेलंच नव्हतं, नेहमीची लष्करी गोळी म्हणजे जवळजवळ चाचणीची गोळी, हत्यार टिकतं का बघायला मुद्दाम जास्त दाबाची मारतात ती. काही सिलिंडर फुटली.

ह्यूस्टनकर

यावर शंभर टक्के सहमत. माझं म्हणणं मुळातच त्या काडतुसासाठी बनवलेल्या हत्याराबद्दल आहे, तासलेल्याबद्दल नाही. नागपूरकर, ऐका त्यांचं.

नागपुरी संत्रं

धन्यवाद दोघांना. मोह सोडला.

घाटावरचा

एक प्रश्न राहिला. उडवून झाल्यावर चकतीतून त्या पुंगळ्या काढता कशा?

ह्यूस्टनकर

पाइपचा तुकडा आहे एक, वीतभर. पुंगळीवर चढवायचा आणि पिळायचा. पन्नास गोळ्या म्हणजे दहा चकत्या, बोटं काळी होतात. पण त्याआधी पुंगळ्या जमिनीवर वेचायला लागत नाहीत. पन्नास वेळा वाकण्याऐवजी दहा वेळा. माझं वय ५८ आहे.

कड हवीच

कंबरेचा मुद्दा मान्य. बाकीचे नाहीत.