विष उतरलं की डिस्चार्ज. पुढचा एक तास कुणाचा?

रात्रपाळी (धागा सुरू करणारा)

मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे. जिल्हा सांगत नाही, इकडं ओळख पटायला वेळ लागत नाही.

कुणी जीव द्यायला विष घेतलं, म्हणजे 'पॉयझन केस' आली, की आमचं काम ठरलेलं. पोट धुवायचं, सलाईन-इंजेक्शन सुरू करायचं, चौकीला एमएलसी (पोलिसांना कळवावी लागते ती केस) कळवायची, जमत नसेल तर १०८ बोलावून जिल्ह्याला पाठवायचं. पेशंट वाचला तर चौथ्या-पाचव्या दिवशी डिस्चार्ज, आणि जाताना ठरलेलं एक वाक्य: "लेकराची शपथ घे, परत असलं करणार नाही." तो शपथ घेतो. मीही अशा पुष्कळ शपथा घ्यायला लावल्यात. मागं असाच शपथ घेऊन गेलेला एक जण अडीच महिन्यांनी परत आला आणि त्या वेळी आम्हाला काहीच करता आलं नाही. जुना केसपेपर काढला तर त्यावर माझंच अक्षर: 'जनरल कंडिशन फेअर, रिलेटिव्ह एक्सप्लेन्ड.' नातेवाइकांना मी काय समजावलं होतं, ते मला आठवत नाही.

म्हणून मत मांडतोय. प्रत्येक वैद्यकीय अधिकारी, स्टाफ नर्स आणि उपकेंद्रातल्या सीएचओला (समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला) तासाभरात करता येईल असा उपाय शिकवला पाहिजे, आणि तो डिस्चार्जच्या आधी झालाच पाहिजे. मनोविकारतज्ज्ञाची वाट बघण्यात अर्थ नाही. तालुक्याला तो असतोच कुठं?

हे मी हवेत बोलत नाही. अमेरिकेतल्या बार्बरा स्टॅनली आणि ग्रेगरी ब्राऊन यांनी २०१२ साली 'सेफ्टी प्लॅन' मांडला. जीव द्यावासा वाटेल तेव्हा काय करायचं, ते आधीच लिहून ठेवायचं. एक कागद, सहा पायऱ्या, आणि भाषा पेशंटची. एकदा मी मोडकातोडका भरून घेतला तेव्हा पहिल्या ओळीत, म्हणजे धोक्याची चाहूल कशी लागते तिथं, त्या माणसानं सांगितलं, "रात्री तीनला जाग येती अन् फोन वाजल्यावानी वाटतंय, बघावं तर फोन बंदच." दुसरी ओळ, एकट्यानं काय करता येईल: गोठा झाडणे. तिसरी, माणसांत कुठं जाऊन बसता येईल: मारुतीच्या पारावर, हरिपाठाला. चौथी, मदत कुणाला मागता येईल: मेव्हणा. भावाचं नाव मी सुचवलं तर मान हलवली. वाटणीचा वाद. पाचव्या ओळीत दवाखाना आणि टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. सहावीत फवारणीच्या औषधाचे डबे घरातून कुठं हलवायचे ते. ह्या कागदासाठी मला पस्तीस मिनिटं लागली.

जागतिक आरोग्य संघटनेचा एक प्रयोग २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाच ठिकाणं होती, त्यात आपलं चेन्नई. प्रयत्नातून वाचलेले १,८६७ जण. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यावर एक तासाची बातचीत आणि दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट. नेहमीच्या उपचारांच्या गटात १८ जणांनी पुढं जीव दिला, दुसऱ्या गटात दोघांनी. बोला.

सोयाबीनवाला (परभणी)

डॉक्टरसाहेब, राग नका मानू, पण ही मलमपट्टी झाली.

२०२३ साली मराठवाड्यात १,०८८ शेतकऱ्यांनी जीव दिला, एकट्या बीड जिल्ह्यात २६९. विभागीय आयुक्तालयाचेच आकडे हायेत. ह्या लोकांना काय गोठा झाडायचं ठाऊक नव्हतं? सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ ला क्विंटलला ५,३२८ होता. मोंढ्यात मी चार हजाराच्या आतबाहेर दिलं, त्यातून बी आडत्यानं डागी म्हणून कापलं. सप्टेंबर २०२५ च्या पुरात आमच्या शिवारातली माती खरडून गेली. पीक पुढच्या साली येईल, माती कुठून आणायची?

माणूस मेल्यावर सरकार एक लाख देतंय. २००५ चा जीआर, ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत, अन् ते बी 'पात्र' ठरला तर. आता तुम्ही म्हणायलात की जगताना त्याला एक कागद द्या. उद्या हेच दाखवून म्हणतील, बघा, ह्याचं डोकं बिघडलं होतं, आमचा काय दोष? आजार शेतीला झालाय अन् गोळी तुम्ही शेतकऱ्याला द्यायलात.

सिस्टर_ऑन_ड्युटी

दोघांनाही एक विचारते. रात्री तीस खाटांना मी एकटी. प्रसूतीची एक येते, साप चावलेला एक येतो. हा तास काढायचा कुठून? एनसीडीचं (बीपी-शुगरसारख्या आजारांचं) पोर्टल, टीबीचं पोर्टल, लसीकरणाचं पोर्टल. आता ह्याचंही ॲप येईल आणि शेवटी कागद पेशंटसाठी नाही, पोर्टलसाठी भरला जाईल. सरांच्या पस्तीस मिनिटांत वॉर्ड कुणी सांभाळला, तेही लिहा की.

आणि सगळे शेतकरी-शेतकरी करायलात. माझ्या वॉर्डात येणाऱ्यांत बायका कमी नसतात. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, उशाला सासू बसलेली. केसपेपरवर हिस्ट्री काय? "खोकल्याचं औषध समजून चुकून घेतलं." पुरुष असला की "फवारताना तोंडात गेलं." सगळ्यांना माहीत असतं, सगळे तेच लिहितात. का, तर पोलीस येतील. जी गोष्ट झालीच नाही असं कागदावर आहे, तिच्यावर तुम्ही प्लॅन कसा भरणार?

रात्रपाळी

सिस्टर, मुद्दा कबूल. वॉर्ड त्या दिवशी तुमच्यासारख्याच एका सिस्टरनी सांभाळला, त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नाही.

पोलिसांचं मात्र सांगायलाच हवं, कारण डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू २९ मे २०१८ पासून. त्याच्या कलम ११५ नुसार प्रयत्न करणारा माणूस गंभीर ताणाखाली होता असंच धरायचं, त्याला शिक्षा करायची नाही, उलट काळजी आणि उपचार ही सरकारची जबाबदारी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तीत असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उरलंच नाही. सरकारी नोकरावर दबाव आणायला केलेला प्रयत्न तेवढा २२६ खाली येतो. एमएलसी होते, जबाब होतो, पण वाचलेल्या माणसाला त्यासाठी आत टाकत नाहीत. हे चार शब्द पेशंटच्या घरच्यांना सांगता येणं, हाच प्रशिक्षणाचा पहिला धडा असावा.

पीजी_मनोविकार

सरांच्या बाजूनं आहे, पण आकडे देताना हात राखून द्यावेत. सेफ्टी प्लॅनचा जो अभ्यास सगळे सांगतात, तो २०१८ चा, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतला. १,६४० पेशंट, कागद आणि नंतर फोन. सहा महिन्यांत आत्मघाती वर्तन ३.०३ टक्के, तुलनेच्या गटात ५.२९. फरक मोठा आहे, पण ती चिठ्ठ्या टाकून केलेली चाचणी नव्हती, काही रुग्णालयांची इतर रुग्णालयांशी तुलना होती. शिवाय माजी सैनिकाला पेन्शन असते. सोयाबीनवाले दादांचा मुद्दा तिथं लागू पडतो.

आता प्रशिक्षण म्हणजे काय? दिवसभर स्लाइड, दुपारी पुरी-भाजी, संध्याकाळी सर्टिफिकेट, हे असेल तर नकोच. मी स्वतः असल्या एका वर्गात शिकवलंय. शेवटी सगळ्यांना 'सरळ विचारा' हे पाठ होतं, पण जोडीजोडीनं बसवून एकमेकांना प्रश्न विचारायला लावला तर अर्ध्यांच्या तोंडून शब्द फुटेना. एक सीनियर डॉक्टर म्हणाले, "काही वाईटसाईट मनात येत नाही ना?" असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? प्रश्नातच 'नाही ना' घातलंय. "जीव द्यावा असं मनात येतंय का?" हे वाक्य तोंडात बसायला दहा-बारा वेळा म्हणावं लागतं. विचारल्यानं डोक्यात येतं ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही.

आणि सर, सहावी ओळ जपून. घरात कुलपाची पेटी द्या म्हणजे झालं, असं नाही. श्रीलंकेत १८० गावं घेऊन त्यातल्या निम्म्या गावांत अशा पेट्या वाटून पाहिल्या, निकाल २०१७ मध्ये आला. फरक पडला नाही. किल्ली घरातच असते. त्याच श्रीलंकेत सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्यानं बंदी आली आणि १९९५ नंतर आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरलं. तो बदल कुठल्या समुपदेशकानं केला नाही.

सोयाबीनवाला (परभणी)

बघा, तुमचाच माणूस म्हणायलाय. बंदी घाला, भाव द्या. आमच्या गावच्या कृषी सेवा केंद्रात औषध उधारीवर मिळतंय, बियाणाच्या पिशवीसंगं. खत मात्र रोखीनं.

आशा_वहीवाली

मी आशा आहे, गावाचं नाव लिहित नाही. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्याच्या प्रेरणा प्रकल्पात आम्ही घरोघर जाऊन प्रश्न विचारलेत, उदास वाटतं का, कामात मन लागतं का. दारात उभं राहून विचारलं की समदे म्हणतात, "बरं हाय ताई, चहा घ्या." चुलीपाशी बसल्यावर बोलतात, अन् तिथं बसायला मानधन नाही.

पण एक सांगते. दवाखान्यातून सुट्टी झाली की आम्हाला कुणी कळवत नाही. गावाला कळतं, मला कळतं, पण कागदानं नाही, म्हणून मी गेले की लोक म्हणतात, "तुला कुणी सांगितलं?" एका बाईच्या बाबतीत मॅडमनी मला रीतसर कळवलं होतं. मग मी तिला दर गुरुवारी फोन करायची. तीन मिनिटं. भाजी काय केली, पोरगं शाळेत गेलं का, झोप लागली का. एका गुरुवारी माझ्या नणंदेचं लग्न, राहून गेला. पुढच्या खेपेला तिनंच विचारलं, "मागच्या गुरुवारी का नाही केला?" ती अजून तिथंच नांदते, नवरा अजून पितो. काहीच बदललं नाही म्हणा. पण ती हाय.

भाव नाही म्हणून फोन करू नये, हे मला पटत नाही, दादा.

सोयाबीनवाला (परभणी)

ताई, तुमच्याशी भांडण नाही.

माझा चुलतभाऊ २०१६ ला असाच वाचला होता. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते साल. पाच दिवस दवाखान्यात होतो आम्ही. मी पाची दिवस पायथ्याशी बसून होतो, अन् खरं सांगतो, मी बी एकदा त्याला विचारलं नाही. काय विचारावं तेच कळंना. क्रिकेटवर बोललो. तो आज हाय, पुण्याला वॉचमन हाय, जमीन गेली.

म्हणून माझा प्रश्न एवढाच, डॉक्टर. तुमच्या कागदावर सहा ओळी हायेत. सावकाराचं नाव कंच्या ओळीत लिहायचं?

रात्रपाळी

पाचव्या. आजवर मी तिथं फक्त दवाखान्याचे नंबर लिहीत होतो, चूक होती. बिगरपरवाना सावकारीची तक्रार तालुक्याच्या सहकार खात्यातल्या सहायक निबंधकाकडं करता येते, २०१४ चा कायदा आहे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. हे नंबर डॉक्टरच्या खिशात का नसावेत? त्यानं कर्ज फिटणार नाही, मान्य. हमीभावाचं भांडण तुम्ही भांडा, मी निवेदनावर सही करतो. पण आज रात्री जो येईल त्याला मी 'हमीभाव मिळेपर्यंत थांब' असं म्हणू शकत नाही.

पीजी_मनोविकार

सर, तक्रार केल्यावर सावकार घरी येतो, तेव्हा रात्रीचं काय, हेही पेशंटबरोबर ठरवूनच लिहा. नाहीतर ओळ पाच पहिल्या ओळीला जाऊन मिळेल.

सिस्टर_ऑन_ड्युटी

मी अजून विरोधातच आहे, पण आज वॉर्डात बघून आले. ड्रेसिंग रूम दुपारी दोन ते तीन रिकामी असते. दार लागतं, सासूला बाहेर बसवता येईल. तेवढा वेळ माझ्या जागी दुसरी सिस्टर द्या, लेखी द्या, मी शिकायला येते.

एकच अट. फोन माझ्या नंबरवरून करणार नाही. मागं एकीला दिला होता. रात्री दीडला तिच्या नवऱ्याचा फोन, "माझ्या बायकोला काय शिकवायलीस?" वॉर्डातला लँडलाइन चार वर्षांपासून बंद आहे. आधी तो सुरू करा.