जेरेमी हेवूड यांचं उदाहरण एथिक्सच्या उत्तरात चालेल का?

ऐरोलीची_अभ्यासिका

नमस्कार. मी ऐरोलीला राहते, यूपीएससीचा दुसरा प्रयत्न आहे. मेन्सच्या सामान्य अध्ययनाच्या चौथ्या, म्हणजे एथिक्सच्या (नीतिशास्त्राच्या) पेपरसाठी राजकीय तटस्थतेवर उदाहरणं जमवतेय. सगळ्यांच्या उत्तरांत तीच तीच चार नावं असतात, म्हणून दोन रात्री जागून ब्रिटनचे दिवंगत मंत्रिमंडळ सचिव, म्हणजे तिथले सर्वांत वरचे सनदी अधिकारी, जेरेमी हेवूड यांच्याबद्दल वाचलं.

1983 मध्ये कामगारांची सुरक्षितता पाहणाऱ्या एका सरकारी यंत्रणेत ते अर्थतज्ज्ञ म्हणून लागले, मग अर्थखात्यात गेले. 16 सप्टेंबर 1992 ला पौंड कोसळला, व्याजदर एका दिवसात 10 वरून 12 टक्के झाला, 15 टक्क्यांचीही घोषणा झाली आणि संध्याकाळी ब्रिटन युरोपच्या विनिमय दर व्यवस्थेतून (चलनांचे दर ठराविक मर्यादेत ठेवायच्या करारातून) बाहेर पडलं. त्या दिवशी अर्थमंत्री लॅमंट यांचे प्रधान खाजगी सचिव हेवूड होते. वय अवघं 30. पुढे मजूर पक्षाचे ब्लेअर आणि ब्राउन, हुजूर पक्षाचे कॅमेरॉन आणि मे अशा चार पंतप्रधानांबरोबर काम केलं. 2012 च्या जानेवारीत मंत्रिमंडळ सचिव झाले आणि 2018 च्या नोव्हेंबरमध्ये कॅन्सरने गेले. 56 वर्षांचे होते.

माझे दोन प्रश्न आहेत. 2003 ते 2007 ते मॉर्गन स्टॅनलेत होते. सरकारी नोकरी सोडून बँकेत जायचं आणि परत पंतप्रधानांच्या कार्यालयात यायचं, हे तिकडे चालतं कसं? आणि ज्याने दोन्ही पक्षांच्या पंतप्रधानांची मर्जी सांभाळली, त्याला तटस्थ म्हणायचं की नुसता हुशार? आई म्हणते, चार सासवांशी पटवून घेणारी सून साधी नसते. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाहीये.

वाशीकर_१७

पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. कंपनीच्या कामासाठी तीन वर्षं लंडनला होतो, घराशेजारी त्यांच्या अर्थखात्यातला एक मुलगा राहायचा. आपल्यासारखं केडर, म्हणजे एकदा निवड झाली की जन्मभर त्याच सेवेत वर सरकत जायचं, असं त्यांच्याकडे नाही. भरती गुणवत्तेवर आणि खुल्या स्पर्धेतून, हा पाया 1854 च्या नॉर्थकोट-ट्रेव्हेलियन अहवालाने घातला. पण एकदा आत शिरलात की बढती आपोआप मिळत नाही. जागा निघते, अर्ज करायचा, मुलाखत द्यायची. बऱ्याच वरच्या जागांवर बाहेरचा माणूसही अर्ज करू शकतो, त्यामुळे जाऊन परत येणं आपल्याला वाटतं तितकं अजब नाही. 2007 मध्ये ब्राउन पंतप्रधान झाले तेव्हा हेवूड परतले.

एक गोष्ट मला फार आवडते. 1992 मध्ये लॅमंट यांच्याच ऑफिसात एक तरुण राजकीय सल्लागार होता, डेव्हिड कॅमेरॉन. 11 मे 2010 ला ब्राउन यांनी राजीनामा दिला आणि त्याच संध्याकाळी कॅमेरॉन आले. सकाळी ज्यांच्या हाताखाली काम केलं ते गेले आणि रात्री 18 वर्षांपूर्वीचा ऑफिसातला सहकारी साहेब म्हणून समोर. हेवूड त्याच कार्यालयात कामाला होते. उत्तरात हा प्रसंग घाला.

निवृत्त_कक्षअधिकारी_नौपाडा

ताई, तुमचा दुसरा प्रश्न वाचून राहवलं नाही. सरकारी नोकरीत 33 वर्षं काढली, त्यातली बहुतेक कार्यासनावर, म्हणजे फायली हाताळणाऱ्या टेबलावर. ठाण्याहून 8.14 ची फास्ट, डब्यात भाजी-पोळी आणि दिवसभर नस्त्या. त्या अनुभवावर बोलतो.

तटस्थता माणसाच्या मनात शोधू नका, तिथे ती सापडायची नाही. ती कागदावर शोधा. बैठकीत काय ठरलं, कोणी विरोध केला, काय करायचं आणि कोणी करायचं, हे लिहिलेलं असेल तर पुढचा मंत्री कुठल्याही पक्षाचा येवो, काम तिथून पुढे चालू होतं. लिहिलेलं नसेल तर सगळं साहेबांच्या आठवणीवर, आणि साहेबांची तर बदली होते.

हेवूड ज्या खुर्चीवर बसले तिचा जन्मच इतिवृत्तातून, म्हणजे बैठकीच्या लेखी नोंदीतून झालाय. 1916 च्या डिसेंबरपर्यंत ब्रिटिश मंत्रिमंडळाच्या बैठकीचं रीतसर इतिवृत्तच ठेवत नसत. पंतप्रधान बैठकीनंतर राजाला पत्र लिहायचे, तीच काय ती नोंद. नेमकं काय ठरलं यावर मंत्र्यांमध्येच मतभेद व्हायचे. पहिल्या महायुद्धात ते परवडेना, म्हणून पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी मॉरिस हँकी यांना पहिले मंत्रिमंडळ सचिव म्हणून बसवलं. हँकी मूळचे नौदलाच्या मरीन दलातले. ते 1938 पर्यंत, 22 वर्षं त्या जागेवर राहिले. पाच पंतप्रधान पाहिले. काम काय, तर ऐकायचं आणि लिहायचं.

आता हेवूड यांची अवघड बाजू. ही लपवून उत्तर लिहू नका. 2003 मध्ये इराकच्या शस्त्रांवरून वाद पेटला आणि त्या वादात नाव आलेले सरकारी शस्त्रतज्ज्ञ डॉ. डेव्हिड केली यांचा मृत्यू झाला. त्यावर न्यायमूर्ती हटन यांची चौकशी बसली. पंतप्रधान कार्यालयात त्या दिवसांत ज्या बैठकी झाल्या, त्यांतल्या महत्त्वाच्या बैठकींचं इतिवृत्तच ठेवलेलं नव्हतं, हे तेव्हा उघड झालं. तेव्हा पंतप्रधान ब्लेअर यांचे प्रधान खाजगी सचिव कोण होते? हेवूड. पुढच्या वर्षी इराकबद्दलची गुप्त माहिती तपासणाऱ्या बटलर समितीने सोफ्यावर बसून अनौपचारिक निर्णय घेण्याच्या या पद्धतीवर टीका केली. ते बटलर स्वतः 1988 ते 1998 मंत्रिमंडळ सचिव होते, म्हणजे त्याच गादीवरच्या माणसाने बोट ठेवलं.

हे वाचून मी हेवूड यांना मोडीत काढत नाही. कारण मीही हे केलंय.

1997 ची गोष्ट. विभागाचं नाव सांगत नाही. रोजंदारीवरचा एक पहारेकरी होता. त्याची 11 वर्षांची रोजंदारी सेवा पेन्शनसाठी धरावी अशी मागणी होती. बैठक झाली. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, म्हणाले, "धरा, प्रस्ताव करा." मी वहीत पेन्सिलीने लिहून घेतलं. इतिवृत्ताचा मसुदा टाकतो म्हटलं, तर साहेब म्हणाले, "सावकाश करू." मीही सावकाश घेतलं. टेबलावर ढीग होता, अधिवेशन तोंडावर होतं. तीन आठवड्यांत साहेबांची बदली. नवे साहेब वाईट नव्हते, त्यांनी सरळ विचारलं, "इतिवृत्त कुठाय?" माझ्या वहीतल्या पेन्सिलीच्या दोन ओळींना काय किंमत!

तो माणूस दर महिन्याला यायचा. हातात दुधाची धुतलेली पिशवी, तिच्यात हजेरीपटाच्या झेरॉक्स घडी घालून ठेवलेल्या. घड्यांवरची अक्षरं उडत गेली तशी त्याने त्यांवर बॉलपेनने पुन्हा गिरवली होती. माझ्यावर कधी चिडला नाही. "साहेब, तुम्ही होतात ना तेव्हा," एवढंच म्हणायचा. नव्याने प्रस्ताव करून मंजुरी यायला 6 वर्षं लागली. तोवर त्याला निवृत्त होऊन अडीच वर्षं झाली होती, घर सुनेच्या शिवणकामावर चाललं होतं. साहेब प्रामाणिक, मी प्रामाणिक, कोणी एक पैसा खाल्ला नाही. तरी अन्याय झालाच ना?

म्हणून म्हणतो, हेवूड यांचं उदाहरण जरूर द्या, पण दोन्ही बाजूंनी द्या.

पारसिक_कळवा

काकांच्या पोस्टनंतर जास्त लिहायची हिंमत होत नाही, पण मॉर्गन स्टॅनलेच्या दिवसांचा धागा पुढेही गेला हे सांगायला हवं. तिथले त्यांचे सहकारी लेक्स ग्रीनसिल कॅमेरॉन यांच्या काळात सरकारला सल्ला द्यायला आत आले. 2021 च्या मार्चमध्ये ग्रीनसिलची वित्त कंपनी बुडाली. त्यानंतर सरकारने करून घेतलेल्या चौकशीच्या बोर्डमन अहवालात त्यांना आत आणण्याची मुख्य जबाबदारी हेवूड यांच्यावर टाकली गेली. तेव्हा हेवूड हयात नव्हते. जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्यावर खापर फोडलं, अशी त्यांच्या पत्नीची तक्रार होती आणि मला ती रास्त वाटते. नेमणुकीच्या वेळी कोणाला काय वाटलं, कोणी हरकत घेतली, याची नोंद असेल तर माणूस गेल्यावर तीच त्याच्या बाजूने बोलते.

ऐरोलीची_अभ्यासिका

काका, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती काही बोलली नाही, उठून चहा टाकला.

उत्तराची सुरुवात बदलली. आता अशी आहे: "ब्रिटनमध्ये 2010 च्या कायद्याने सचोटी, प्रामाणिकपणा, वस्तुनिष्ठता आणि निःपक्षपातीपणा ही सनदी सेवेची चार मूल्यं ठरवली. जेरेमी हेवूड यांची निष्कलंक कारकीर्द ही निःपक्षपातीपणा कसा टिकतो आणि नोंदीअभावी कसा धोक्यात येतो याचं उदाहरण आहे." चालेल का? आणि चांगलं इतिवृत्त कसं लिहितात? क्लासमध्ये हे कोणी शिकवत नाही.

निवृत्त_कक्षअधिकारी_नौपाडा

काका म्हणालीस, आता तुला 'तू'च म्हणतो. 'निष्कलंक' खोड, त्याच वाक्यातले पुढचे शब्द त्याला खोटं पाडतात. बाकी ठेव.

इतिवृत्ताचं म्हणशील तर बैठकीतून उठल्यावर त्याच दिवशी मसुदा कर, झोपून उठल्यावर माणूस आपल्या सोयीचं आठवतो. "सविस्तर चर्चा झाली" हे वाक्य कधी लिहू नकोस, त्यातून कोणालाच काही कळत नाही. काय ठरलं, कोणी करायचं, कोणत्या तारखेपर्यंत, एवढं आधी लिही. विरोध झाला असेल तर विरोध करणाऱ्याच्या पदनामासकट लिही, त्याला नंतर त्याचा आधार लागतो. आणि मसुदा सगळ्या उपस्थितांना पाठव. सात दिवसांत हरकत आली नाही तर कायम.

ती 1997 ची वही मी अजून ठेवली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात वर्तमानपत्रं वाचायला बसतो. आईला घेऊन ये, वही दाखवतो.