टॅको डिप: १५ माणसांसाठी, पावसाळ्यात, झटपट

पर्वरीची सुगरण: रविवारी संध्याकाळी घरी १५ जण आहेत. थरांचं टॅको डिप (चिप्स बुडवून खायचं) करायचं मनात आहे. डबाबंद बीन्स आणि सावर क्रीम नको. त्याच दिवशी अर्ध्या तासात उरकेल का? पाणी सुटू नये म्हणून काय करायचं? आणि या हवेत चिप्स कुरकुरीत राहतील का?

अळसांदे_प्रेमी: उरकेल, पण दोन कामं आदल्या रात्री व्हायलाच हवीत. दीड कप अळसांदे (गोव्याकडची चवळी) भिजत घाला आणि १ किलो दही मलमलच्या फडक्यात बांधून, खाली भांडं ठेवून फ्रिजमध्ये टांगा. राजमाही चालतो, पण अळसांदे लवकर शिजतात आणि चवीला जास्त छान लागतात.

सकाळी अळसांदे अगदी मऊ शिजवा. दोन चमचे तेलात कांदा, लसूण, दोन छोटे चमचे जिरेपूड, दीड चमचा तिखट, चमचाभर ओरेगानो परता. त्यात अळसांदे मीठ घालून घोटा. कढईतून उतरवताना थोडे सैलच ठेवा, गार झाल्यावर घट्ट होतात. पूर्ण गार झाल्याशिवाय पुढचा थर नको, कारण वाफ अडकते आणि वरचा चक्का पातळ होतो. बहुतेकांचं डिप इथेच बिघडतं.

३३ बाय २३ सेंटीमीटरचं काचेचं भांडं पुरेल. तळाला अळसांदे. त्यावर चार पिकलेले अवोकाडो, तीन लिंबांचा रस आणि मीठ घालून कुस्करलेले. त्यावर चक्का, अगदी कडेपर्यंत, म्हणजे अवोकाडोला हवा लागत नाही आणि तो काळा पडत नाही. चक्का चमच्यानेच कालवा, मिक्सर लावलात तर सैल होतो. मग १५० ग्रॅम किसलेलं चेडर.

टोमॅटो मात्र शेवटी. चार टोमॅटोंच्या बिया काढा, बारीक चिरा, चिमूटभर मीठ लावून चाळणीत १५ मिनिटं निथळू द्या. वाढायच्या आधी कांद्याची पात, कोथिंबीर आणि ऑलिव्हबरोबर पसरा.

म्हापसा_बाजार: वरचं सगळं पटलं, फक्त एकच मोठं भांडं करू नका. दोन करा, एक फ्रिजमध्येच ठेवा आणि पहिलं संपल्यावर बाहेर काढा. दही आणि अवोकाडो बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको, मे महिन्याच्या उकाड्यात तर तासभरच.

चिप्स नरम पडलेच तर १५० अंशांवर पाच मिनिटं ओव्हनमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण गार झाले की मगच घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. गरम भरलेत तर आतच घाम धरतात. पोदेराकडची (पाववाल्याकडची) कालची पोई (गोव्याचा आतून पोकळ पाव) असेल तर उत्तमच: मधून उकलून पट्ट्या कापा, तेलाचा हात लावा, १६० अंशांवर पंधरा मिनिटं. वाकत असतील तर आणखी दोन मिनिटं. जाड थर उचलताना चिप मोडते, पोई मोडत नाही.

पर्वरीची सुगरण: अवोकाडो अजून दगडासारखे कडक आहेत. रविवारपर्यंत चार दिवस आहेत.

अळसांदे_प्रेमी: कागदी पिशवीत पिकलेल्या केळ्याबरोबर ठेवा, फ्रिजबाहेर. देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबलं की किंचित दबले पाहिजेत. शनिवारीच झाले तर फ्रिजमध्ये टाका. झालेच नाहीत तर तो थर सरळ गाळा, कच्चे कुस्करू नका, कडवट लागतात. त्याऐवजी अळसांदे अर्धा कप वाढवा.