मदत हवी आहे: कपाटाच्या दोन्ही फळ्यांना राउटरनं (लाकडात खाच पाडायच्या यंत्रानं) एकाच बाजूच्या खाचा पडल्या

नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरी तालुक्यातून लिहितोय. घरच्या जुन्या सागवानाचं पुस्तकांसाठी उघडं कपाट करणं चालू आहे. बाजूच्या दोन उभ्या फळ्या ५ फूट उंच, १ फूट रुंद, २० मिमी जाड. कप्प्यांसाठी आतून आडव्या खाचा, १८ मिमी रुंद आणि ६ मिमी खोल. समोरून दिसू नयेत म्हणून त्या पुढच्या काठाच्या २५ मिमी आधी थांबवायच्या होत्या. मागच्या काठाला प्लाय बसायला ६ बाय १० मिमीची उभी खाच.

भाच्यानं दोन्ही फळ्या सारख्याच आखून राउटर फिरवला. दोन्ही डाव्याच झाल्या. उजवी फळी जागेवर उभी केली की आडव्या खाचा पुढून उघड्या, मागून बंद, आणि प्लायची खाच दर्शनी काठाला!

मिस्त्रीला विचारावं तर तो झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचे सेट ठोकायला वडशाला गेलाय. हंगाम संपेपर्यंत काही हाती लागत नाही. नवीन फळी घ्यायची म्हटलं तर भाव ऐकूनच परत यावं लागतं. बल्लारशाच्या सागवानाचे दरवाजे अयोध्येच्या राममंदिराला लागले, इथं आम्हाला एक फळी परवडेना.

राउटरच्या भुशात फेविकॉल कालवून खाचा भरल्या तर पॉलिशखाली लपतील का? की लाकडाचे तुकडे बसवू?

सागवानी_गडी: भाऊ, भुशा-फेविकॉलच्या नादी लागू नोका. फेविकॉल पॉलिश पीत नाही, तिथं डागच दिसते. खिळ्याच्या भोकापुरतं ठीक हाये, १८ मिमीच्या खाचेले नाही. पह्यले सांगा, कप्पे सारख्या अंतरावर हायेत का? असतील तर उजवी फळी उलटी करा, खालचं टोक वर. बंद बाजू आपोआप पुढं येते, प्लायची खाच मागं जाते. काम खतम.

धागाकर्ता: तेच तर नाही ना जी. खालचा कप्पा मोठ्या वह्यांसाठी उंच ठेवलाय. उलटी केली तर एकही खाच जुळत नाही.

रंधा_पटाशी: मग फळी आहे तशीच राहू द्या, उंची तर बरोबर आहे. आडव्या खाचांमध्ये तुकडे बसवायचं मनातून काढा. तिथं लांब पट्टी ठोकली तर तिची नस (लाकडातल्या रेषा) फळीच्या नसेला आडवी जाते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि लगेच पावसाळा. फळी रुंदीत फुगते-आकसते, पट्टी लांबीत हलत नाही, आणि सांधा उकलतो. नस जुळवायची तर फळीच्या टोकाकडून आडवे काप घ्यावे लागतील. ते बसतात चांगले, पण नाजूक काम आहे आणि तुम्हाला त्याची गरजच नाही.

त्यापेक्षा दर्शनी काठाची चुकलेली उभी खाच सागवानाच्या पट्टीनं भरा. इथं नस नसेला समांतर, त्यामुळे फेविकॉल घट्ट धरतो. वाळली की रंध्यानं सपाट करा. मग आडव्या खाचा मागच्या काठापर्यंत आरपार न्या आणि त्यानंतरच मागे प्लायची नवीन खाच मारा. क्रम उलटा करू नका. राउटरचा बिट (फिरतं पातं) काठातून बाहेर पडताना चिपा उडतो, तो या दुसऱ्या खाचेत निघून जातो. शेवटी दोन्ही बाजूंना पुढून ४० मिमीची उभी पट्टी लावा. उघड्या खाचांची तोंडं झाकली जातील आणि कपाटही भरीव दिसेल. एकाच बाजूला लावलीत तर मात्र येणारा-जाणारा विचारेल.

धागाकर्ता: हे डोक्यातच आलं नव्हतं. पण कप्प्यांच्या आडव्या फळ्यांचे पुढचे कोपरे आधीच खाचून ठेवलेत, त्यांचं काय? आणि जुनं सागवान फेविकॉल नीट धरतं का?

रंधा_पटाशी: कोपऱ्याची फट पट्टीमागे जाते, कुणाला दिसत नाही. सागवान तेलकट असतं. चिकटवायच्या जागी आधी पॉलिश पेपर मारा, थिनरच्या फडक्यानं पुसा आणि थिनर उडाला की लगेच फेविकॉल लावा. रात्रभर क्लॅम्पमध्ये राहू द्या.

सागवानी_गडी: अन् राउटर संध्याकाळी चालवू नोका. मोटारपंप सुरू झाले की व्होल्टेज पडते, बिट लाकूड जाळते. सकाळीच उरकून घ्या. एका दमात ६ मिमी नाही, पह्यले ३, मग ३.