एकच गॅलॅक्सी एस२४, आत चिप दोन: हा काय प्रकार आहे?

धागाकर्ता: चौकस_गिऱ्हाईक

मंडळी, सॅमसंगचा साधा एस२४ (अल्ट्रा नव्हे) आता बऱ्याच उतरलेल्या भावात मिळतोय. चौकशी केल्यावर कळलं की भारतात आणि युरोपात तो सॅमसंगच्या स्वतःच्या एक्सिनॉस २४०० चिपवर आला, अमेरिकेत मात्र क्वालकॉम कंपनीच्या स्नॅपड्रॅगन ८ जेन ३ वर. वर भारतातच ऑनलाइन सेलमध्ये स्नॅपड्रॅगनवाला एस२४ सुद्धा विकला गेलाय. नाव तेच, रंग तेच, खोकं तेच.

१) कंपनी असं का करते? अॅपल तर जगभर एका मॉडेलला एकच चिप देतं.
२) वापरात फरक किती? दिवसाला अर्धा-पाऊण तास गेम, बाकी कॅमेरा, मॅप, यूपीआय.
३) अमेरिकेतून येणाऱ्या कुणाकडून मागवला तर?
४) दुकानात हातात घेतलेला फोन कुठल्या चिपचा हे ओळखायचं कसं?

---

सिलिकॉनवाडी

पहिल्या प्रश्नाला थोडा इतिहास लागतो.

२०१२ च्या एस३ पासून हे ठळकपणे दिसतं. जगभर चार कोअरचा (कोअर म्हणजे चिपमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग) एक्सिनॉस, अमेरिकेत मात्र दोन कोअरचा स्नॅपड्रॅगन. कारण मोडेम, म्हणजे फोनला नेटवर्कशी जोडणारा भाग. अमेरिकेत तेव्हा एलटीई (४जी) सुरू झालं होतं आणि व्हेरायझन, स्प्रिंट या कंपन्या सीडीएमए या जुन्या नेटवर्क-तंत्रावर चालायच्या. त्या तंत्राची पेटंटं आणि त्यातले चांगले मोडेम, दोन्ही क्वालकॉमकडे. म्हणजे अमेरिकेत स्नॅपड्रॅगन लागला तो मुळात फोन नेटवर्कला नीट जोडला जावा म्हणून. वेगाची तुलना नंतर आली.

अध्येमध्ये पारडं उलटंही झुकलंय. २०१५ मध्ये स्नॅपड्रॅगन ८१० तापतो अशी बोंब होती, तेव्हा सॅमसंगने एस६ ला सगळीकडे स्वतःचा एक्सिनॉस ७४२० घातला आणि तो त्या वर्षीचा अँड्रॉइडमधला सर्वांत सरस चिप ठरला. त्यामुळे 'एक्सिनॉस म्हणजे रद्दी' हे सरसकट विधान करू नये.

बदनामी आली ती एस९ पासून. सॅमसंगने स्वतःचे सीपीयू कोअर बनवायला घेतले होते. एस९ मधल्या एक्सिनॉस ९८१० चा मोठा कोअर बेंचमार्कमध्ये (वेग मोजणाऱ्या चाचण्यांत) पळायचा, पण वीज इतकी खायचा की प्रत्यक्षात बॅटरीही कमी टिकायची आणि वेगही जाणवायचा नाही. एस२० मधला एक्सिनॉस ९९० ही त्याच वळणाचा. २०२० मध्ये ग्राहकांनी त्याविरुद्ध ऑनलाइन सह्यांची मोहीम काढली. आणि गंमत बघा, त्याच एस२० ला खुद्द कोरियात सॅमसंगने स्नॅपड्रॅगन ८६५ घातला होता! घरच्या गिऱ्हाइकाला बाहेरचा माल. त्याआधीच, २०१९ च्या अखेरीस, टेक्ससमधल्या ऑस्टिनची सीपीयू टीम बंद करायचं ठरलं होतं. एक्सिनॉस २१०० पासून एआरएम या चिप-आखणी कंपनीचे तयार कोअर आले. एस२४ चा २४०० ह्याच पिढीतला आहे, ९९० च्या नाही.

---

नॅनोमीटर

सिलिकॉनवाडी, इतिहास बरोबर, पण मोडेमचं कारण आता शिळं झालं. व्हेरायझनचं सीडीएमए २०२२ च्या अखेरीस बंद पडलं. तरी २०२४ मध्ये पुन्हा दोन चिप आल्याच. तेव्हा आजचं कारण कारखान्यात शोधायला हवं.

सॅमसंग म्हणजे एक कंपनी असं आपण धरतो. आत तीन वेगळी दुकानं आहेत. फोन विकणारा मोबाईल विभाग, एक्सिनॉसची आखणी करणारा सिस्टिम एलएसआय आणि चिप प्रत्यक्ष छापणारी फाउंड्री. मोबाईल विभागाला स्वस्त आणि भरवशाचा चिप हवा असतो. फाउंड्रीला गिऱ्हाईक हवं असतं. या दोघांचं हित दर वर्षी जुळतंच असं नाही.

फाउंड्रीची गिऱ्हाइकं एकेक करून तैवानच्या टीएसएमसी या चिप छापणाऱ्या कंपनीकडे गेली. अॅपलचे ए४ ते ए७ हे चिप सॅमसंगच छापायचं. २०१५ चा ए९ दोघांत वाटला गेला, सॅमसंगच्या १४ नॅनोमीटरवर (छपाई किती बारीक त्याचं माप) आणि टीएसएमसीच्या १६ वर. म्हणजे धागाकर्ते, आयफोन ६एस या एकाच मॉडेलला दोन प्रकारचे चिप अॅपलनेही दिलेत! तेव्हाही लोक आपल्या फोनात कुठला निघाला ते शोधत बसायचे. बॅटरीत फरक दोन-तीन टक्क्यांपलीकडे नाही असा खुलासा अॅपलला करावा लागला. २०१६ च्या ए१० पासून सगळं काम टीएसएमसीकडे.

मग क्वालकॉम. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ सॅमसंगच्या ४ नॅनोमीटरवर छापला, तो तापला. २०२२ च्या मध्यावर ८+ जेन १ टीएसएमसीकडे नेला आणि जवळपास तीच आखणी थंड पडली. एस२२ च्या वेळी भारतात स्नॅपड्रॅगन आणि युरोपात एक्सिनॉस २२०० होता, पण दोन्ही छापलेले सॅमसंगच्याच ४ नॅनोमीटरवर, म्हणून तापायचे दोन्ही. चिपच्या नावावर भांडणाऱ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी: आखणी कुणाची याच्याइतकंच छपाई कुठली हेही बघावं लागतं.

त्या वर्षी आणखी एक लफडं झालं. गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअर बरेचसे अॅप गुपचूप मंद करायचं, बेंचमार्कच्या अॅपना मात्र हात लावायचं नाही. मार्च २०२२ मध्ये गीकबेंच या बेंचमार्क अॅपने एस१० ते एस२२ या मालिकांचे आकडे यादीतून काढून टाकले. पुढच्या वर्षी एस२३ ला जगभर टीएसएमसीचा स्नॅपड्रॅगन ८ जेन २ आला, तो उगाच नाही.

गूगलने २०२१ च्या पिक्सेल ६ पासून पिक्सेल ९ पर्यंतचे आपले टेन्सर चिप सॅमसंगकडे छापले. २०२५ च्या पिक्सेल १० चा टेन्सर जी५ टीएसएमसीकडे गेला. त्यातला मोडेम मात्र सॅमसंगचाच राहिला.

आता सॅमसंगची अडचण बघा. क्वालकॉमला पर्याय हाताशी नसेल तर क्वालकॉम सांगेल तो भाव. त्यामुळे एक्सिनॉस जिवंत ठेवणं भागच आहे, घासाघीस करायला तरी. पण नव्या छपाई-पद्धतीवर दर वेफरमागे (चिप छापायच्या चकतीमागे) चांगले चिप कमी निघाले तर सगळ्या मालिकेला पुरतील इतके बनत नाहीत. म्हणून एस२४ ची वाटणी: आयफोन प्रो मॅक्सशी थेट भिडणाऱ्या अल्ट्राला सगळीकडे स्नॅपड्रॅगन, अमेरिकेत खालच्या मॉडेलांनाही तोच, कारण तिथे अॅपल घट्ट बसलंय. उरलेल्या बहुतेक देशांत साध्या आणि प्लसला एक्सिनॉस. एस२५ ला पुन्हा सगळीकडे स्नॅपड्रॅगन ८ एलिट आला आणि एक्सिनॉस २५०० ला जागा मिळाली ती २०२५ च्या झेड फ्लिप ७ मध्ये.

---

सिलिकॉनवाडी

मान्य. नुसती आखणी येऊन भागत नाही याचा सगळ्यात कडू दाखला ह्वावेचा आहे. त्यांचे किरिन चिप उत्तम होते, पण अमेरिकी निर्बंधांमुळे सप्टेंबर २०२० नंतर टीएसएमसीने त्यांच्यासाठी छपाई थांबवली. गूगलच्या सेवा त्याआधीच गेल्या होत्या. चीनबाहेरची प्रीमियम गिऱ्हाइकी तिथेच बसली. ऑगस्ट २०२३ मध्ये मेट ६० प्रो चीनच्याच एसएमआयसीने छापलेला किरिन ९००० एस घेऊन आला, तेव्हा चीनमध्ये अॅपलला पुन्हा तोडीस तोड उभा राहिला. चिप दोन-एक पिढ्या मागे असूनही.

शाओमीनेही मे २०२५ मध्ये स्वतःचा एक्सरिंग ओ१ काढला, पण छपाई टीएसएमसीच्या ३ नॅनोमीटरवर आणि मोडेम मीडियाटेकचा. दुकानात एकमेकांच्या उरावर बसणारे यातले बहुतेक मागच्या दाराने तैवानमध्ये एकाच रांगेत उभे असतात.

---

खटपट्या

आता प्रश्न दोन आणि चार.

ओळखण्याबद्दल आधी, कारण इथे घोटाळे फार. 'मॉडेल नंबरच्या शेवटी बी म्हणजे एक्सिनॉस' हे कुठेतरी वाचून लोक निष्कर्ष काढतात. चूक. एस२४ चा एसएम-एस९२१बी एक्सिनॉसवर आहे, पण एस२४ अल्ट्राचा एसएम-एस९२८बी स्नॅपड्रॅगनवर आहे आणि एस२३ चा एसएम-एस९११बी सुद्धा स्नॅपड्रॅगनवरच. ते अक्षर बाजारपेठ सांगतं, चिप नाही. शिवाय सॅमसंग भारतात नंतर चिप बदलून तोच फोन पुन्हा विकतं. एस२० एफई आधी एक्सिनॉस ९९० वर ४जी आला, मग स्नॅपड्रॅगन ८६५ वर ५जी. एस२१ एफई २०२२ मध्ये एक्सिनॉसवर, २०२३ मध्ये स्नॅपड्रॅगन ८८८ वर. एस२४ चं तेच झालंय.

खात्रीचा मार्ग एकच: फोन सुरू करून सीपीयू-झेड किंवा डेव्हचेक हे अॅप टाका आणि जीपीयूचं (चिपमधल्या ग्राफिक्सच्या भागाचं) नाव वाचा. एक्सक्लिप्स ९४० दिसलं की एक्सिनॉस २४००. अॅड्रीनो ७५० दिसलं की स्नॅपड्रॅगन ८ जेन ३. कोअरची संख्याही सांगते, एक्सिनॉसचे दहा, स्नॅपड्रॅगनचे आठ. सीलबंद खोकं असेल तर ऑर्डर देण्याआधी विक्रीच्या पानावरची प्रोसेसरची ओळ वाचा आणि तिचा स्क्रीनशॉट ठेवा. परत करायची वेळ आली तर तोच कामाला येतो.

वापरातला फरक. यूपीआय, मॅप, कॅमेरा यांत डोळ्यांना कळणार नाही. फरक दिसतो तो दोन ठिकाणी.

पहिलं, लांब चालणारा गेम. अर्धा तास दोन्ही झेपवतात. तपासायचंच असेल तर थ्रीडीमार्क अॅपची वाइल्ड लाइफ एक्स्ट्रीम स्ट्रेस टेस्ट लावा, एकेक मिनिटाच्या वीस फेऱ्या होतात. कव्हर काढा, चार्जर काढा, ब्राइटनेस दोन्ही फोनला सारखा, खोली तीच. शेवटी स्थिरतेची टक्केवारी दिसते, तिच्यावर जाऊ नका. ज्याची पहिली उडीच बेताची असते त्याची टक्केवारी आपोआप चांगली येते. सगळ्यात कमी गुण मिळालेली फेरी बघा, पाऊण तासाच्या गेममध्ये शेवटी हातात तेवढंच उरतं.

दुसरं, कमकुवत सिग्नल. एक्सिनॉस २४०० मध्ये मोडेमही सॅमसंगचाच. रेंज एक-दोन काड्यांवर असेल आणि फोन ४जी-५जी अशा उड्या मारत असेल तर बॅटरी भराभर उतरते, आणि एस२४ ची बॅटरी आहेच ४००० एमएएच. अशा ठिकाणी सेटिंग्ज, कनेक्शन्स, मोबाईल नेटवर्क्स, नेटवर्क मोडमध्ये जाऊन ५जी नसलेला पर्याय निवडा. शिवाय डिव्हाइस केअरमधलं परफॉर्मन्स प्रोफाइल 'लाइट' वर ठेवा. वेग किंचित उतरतो, फोन थंड राहतो. उन्हाळ्यात नागपूर-चंद्रपूरकडच्यांनी हे आधीच करून ठेवावं. चाळीस-पंचेचाळीस अंशांत बाइकच्या होल्डरला मॅप लावला तर चिप कुठलाही असो, फोन आधी ब्राइटनेस पाडतो, मग चार्जिंग थांबवतो.

---

दूरदेशी

अमेरिकेतून मागवण्याबद्दल: फक्त चिपसाठी तो उपद्व्याप करू नका.

तिथे दोन प्रकार असतात. एसएम-एस९२१यू म्हणजे नेटवर्क कंपनीचा फोन आणि यू१ म्हणजे खुला. हप्त्यावर घेतलेला यू बहुधा सिम-लॉक असतो, इथलं सिम घातल्यावरच कळतं. खुला यू१ असला तरी त्यातलं सॉफ्टवेअर अमेरिकी बाजारपेठेचं. सेटिंग्जमध्ये अबाउट फोन, सॉफ्टवेअर इन्फर्मेशन, सर्व्हिस प्रोव्हायडर सॉफ्टवेअर व्हर्जन इथे तीन अक्षरी कोड दिसतो. भारताचा आयएनएस, अमेरिकेतल्या खुल्या फोनचा एक्सएए. अमेरिकी फोनला आयएनएस कोड अधिकृतपणे लावता येत नाही.

याचा फटका कुठे बसतो? जिओकडे २जी-३जी नाहीच, कॉल व्होएलटीईवरच (४जी नेटवर्कवरून) जातो. फोनच्या सॉफ्टवेअरात त्या कंपनीसाठी व्होएलटीई सुरू नसेल तर इंटरनेट चालतं पण कॉल लागत नाही. जिओचं ५जी स्टँडअलोन (४जीच्या आधाराशिवाय चालणारं) आहे, तेही फोनने उघडावं लागतं. भारतीय फोनात कॉल रेकॉर्डिंग अंगभूत येतं, अमेरिकी फोनात ते गृहीत धरू नका. वॉरंटी त्या-त्या देशापुरती धरून चाला. एवढं करून हाती काय, तर मिलिमीटर वेव्ह या ५जीच्या प्रकाराचे जास्तीचे अँटेना, ज्यांचा इथल्या मोबाईलवर काही उपयोग नाही.

---

चौकस_गिऱ्हाईक

सगळ्यांचे आभार. अमेरिकेचा बेत रद्द. आता गाडी इथे अडलीय: जवळपास सारख्याच भावात एस२३ (स्नॅपड्रॅगन ८ जेन २) आणि एक्सिनॉसवाला एस२४ मिळत असतील तर?

---

खटपट्या

किती वर्षं वापरणार त्यावर आहे. एस२३ अँड्रॉइड १३ वर आला, चार मोठे अपडेट म्हणजे १७ पर्यंत, सुरक्षा अपडेट पाच वर्षं म्हणजे २०२८ च्या सुरुवातीपर्यंत. एस२४ ला दोन्ही सात वर्षं, म्हणजे २०३१. बँकेची अॅप जुन्या फोनवर हळूहळू हात वर करतात, ते इथे महत्त्वाचं. दोन वर्षांत बदलणार असाल आणि गेम जास्त असेल तर एस२३. नाहीतर एस२४.

पण फोन वापरलेला किंवा रिफर्बिश्ड असेल तर चिप विसरून आधी बॅटरी बघा. सॅमसंग मेंबर्स अॅपमध्ये डायग्नॉस्टिक्स चालवा, बॅटरीपुढे 'गुड' च्या खालचं काही आलं तर बॅटरी बदलायचा खर्च भावातून वजा करून बोला. स्क्रीनवर पांढरा आणि करडा रंग पूर्ण उघडून स्टेटस बारच्या जागी डाग राहिलाय का तेही बघून घ्या. तिथला पॅनेल बदलायला लागला तर स्वस्तात घेतल्याचं सगळं समाधान सर्व्हिस सेंटरच्या बिलात जाईल.

---

नॅनोमीटर

+१. आणि भारतीय स्नॅपड्रॅगनवाला एस२४ दोन-तीन हजारांच्या फरकात मिळाला तर तोच घ्या. दहा हजारांचा फरक असेल तर अजिबात नाही.