‘गोदी मीडिया’ ही टीका की शिवी?

मूळ लेखन
मराठी कानाला ‘गोदी’ म्हटले की माझगावची जहाजे दिसतात. तरी सत्तेच्या मांडीवर बसलेली माध्यमे या अर्थाचा, पत्रकार रवीश कुमार यांनी रूढ केलेला हा हिंदी शब्द आपण जसाच्या तसा उचलला. माझ्या मते तो आणि २०१५ साली तत्कालीन परराष्ट्र राज्यमंत्री व्ही. के. सिंह यांनी वापरलेला ‘प्रेस्टिट्यूट’ (‘प्रेस’ आणि ‘प्रॉस्टिट्यूट’ म्हणजे वेश्या यांची जोड) हा शब्द एकाच माळेचे मणी आहेत, कारण दोन्ही शब्द उच्चारताच बातमी खरी की खोटी हा प्रश्न संपतो. याउलट ‘पेड न्यूज’, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेला मजकूर, हा शब्द तपासता येतो: २००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्र्यांचे गुणगान करणारा एकच मजकूर वेगवेगळ्या मराठी दैनिकांत छापून आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या दैनिकांच्या अंकांसह दाखवून दिले होते.

प्रतिसाद १
ही माळ आपण ओढूनताणून ओवली आहे. एक शब्द मंत्र्याने पत्रकारांना उद्देशून वापरला (आणि त्यासाठी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांना विनाकारण मध्ये ओढले), तर दुसरा प्रेक्षक सत्तेच्या जवळ गेलेल्या वाहिन्यांना उद्देशून वापरतो. शिवाय पेड न्यूज हा कायद्यात आजही स्वतंत्र निवडणूक गुन्हा नाही. २०११ मध्ये उत्तर प्रदेशातील एका आमदार अपात्र ठरल्या, त्याही पेड न्यूजचा खर्च न दाखवता निवडणूक खर्चाचा खरा हिशेब न दिल्याबद्दल. यंत्रणेलाच इतका वळसा घ्यावा लागत असेल, तर सामान्य प्रेक्षकाने कोणता पुरावा आणावा?

मूळ लेखकाचे उत्तर
मंत्री आणि प्रेक्षक यांतला फरक मान्य. मात्र शब्द खालून आला म्हणून तो निर्दोष ठरत नाही. जर्मनीत ‘ल्यूगनप्रेस’, म्हणजे खोटारडी वृत्तपत्रे, ही घोषणा २०१४ साली ड्रेस्डेनच्या रस्त्यांवर सामान्य माणसेच देत होती. तोच शब्द पूर्वी नाझींच्याही तोंडी होता. तेथील भाषातज्ज्ञांच्या मंडळाने त्याला २०१४ चा ‘अशब्द’, म्हणजे त्या वर्षीचा सर्वांत आक्षेपार्ह शब्द, ठरवले, ते तो सरसकट सगळ्यांना झोडपतो म्हणूनच.

प्रतिसाद २
दोघांच्याही वादात बातमीदार हरवला आहे. २०२०-२१ च्या शेतकरी आंदोलनात दिल्लीच्या सीमांवर ‘गोदी मीडिया’विरुद्ध घोषणा झाल्या, तेव्हा त्या ऐकायला वातानुकूलित स्टुडिओतला निवेदक नव्हे, तर थंडीत उभा असलेला वार्ताहर समोर होता. आंदोलकांचे मला पटलेले उत्तर निराळेच होते: डिसेंबर २०२० मध्ये तेथेच ‘ट्रॉली टाइम्स’ हे पंजाबी आणि हिंदी मजकुराचे वृत्तपत्र निघाले आणि ट्रॉल्यांमधून हातोहात वाटले गेले.